इंजिनबदल की टर्बो: अमेरिकेतील जुना हिशेब
फोर्डच्या १९३२ सालच्या ६५ अश्वशक्तीच्या व्ही-८ इंजिनावर कॅलिफोर्नियातील हौशी कारागिरांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली. परंतु १९५५ मध्ये शेव्हरोलेचे १६२ अश्वशक्तीचे हलके व्ही-८ आले, तेव्हा जुन्यावर खर्च करीत राहण्यापेक्षा भंगारातील गाडीतून हे इंजिन काढून बसवणे, म्हणजेच इंजिनबदल, निःसंशय अधिक शहाणपणाचे ठरले, जरी गिअरबॉक्सची जोडणी आणि इंजिनाचे आधार नव्याने घडवावे लागत. ताकद वाढवण्याचा दुसरा मार्ग असलेला टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, अमेरिकी प्रवासी गाड्यांत १९६२ मध्ये आला. ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो असलेल्या गाडीत इंधनाचा अवेळी भडका टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. अनेक मालकांना ही निगा जमली नाही आणि त्यांच्या गाड्यांतील टर्बो अखेर उतरवले गेले.