सफाईवाल्याचं जेवण

२०१६च्या फेब्रुवारीत एका रात्री मी टॉर्च घेऊन दोन फुटी टाकीसमोर उकिडवा बसलो होतो आणि पिल्लं मोजत होतो. सोमवारी एक्केचाळीस भरली होती, गुरुवारी अठ्ठावीस. त्या रात्री सतरा. मेलेलं एकही दिसत नव्हतं. ज्वारीच्या दाण्याहून जेमतेम मोठा जीव, वाळूत पडला की कुठे शोधणार? काच मात्र लखलखीत होती. मी अकरावीत होतो आणि काच लखलखीत म्हणजे टाकीत सगळं ठीक, असं मला वाटायचं.

मासा होता ब्रिसलनोज. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, अँगठ्याएवढा ते फार तर तळहाताएवढा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या, आणि खालच्या बाजूला पेल्यासारखं तोंड. त्या तोंडाने तो काचेला, दगडाला, लाकडाला चिकटून बसतो. नराच्या नाकाडावर मऊ फांद्या फुटतात, त्यावरून हे नाव. आपल्याकडे दुकानात असल्या सगळ्या माशांना सरसकट ‘सकर’ म्हणतात. आदल्या दिवाळीत सोलापूरच्या एका दुकानातून मी जोडी आणली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “याला काही घालायचं नाही. हा सफाईवाला. बाकीच्यांची घाण खाऊन राहतो.” मला ते फार सोयीचं वाटलं. गोल्डफिशच्या खाण्याचे पैसेच कसेबसे निघत होते.

जानेवारीत कौलाच्या तुकड्याखाली नारिंगी अंड्यांचा घोस दिसला. मादी केव्हाच बाजूला झाली होती. नर तोंडाशी बसून दिवसरात्र पंख हलवत पाणी आत ढकलत होता, जेवायलाही बाहेर येत नव्हता. (नाकाडावरच्या त्या फांद्यांबद्दल सबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या तीन अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक गमतीदार तर्क मांडला: त्या पिल्लांसारख्या दिसतात, म्हणून मादीला वाटतं की हा आधीच पोरं सांभाळतोय, भरवशाचा आहे. आमच्याकडे स्थळ बघताना याहून फार वेगळं काही चालत नाही.) पाचेक दिवसांत अंडी फुटली. पुढचा आठवडाभर पिल्लं पोटाला लटकलेल्या पिवळ्या पिशवीवर जगली. पिशवी संपली, तशी ती बाहेर पडून काचेवर चिकटली. सगळं घर बघायला आलं. रविवारी मामाकडची मंडळी येणार, म्हणून मी शनिवारी चारही काचा आतून घासून काढल्या.

तिथेच मी त्यांचं ताट धुऊन टाकलं होतं.

सोळा-सतरा उरली तेव्हा आजी टाकीसमोर पाट घेऊन बसली. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “त्येला खायला काय घालायलास?”

“काही नाही. ते घाण खातात.”

“कुठंय घाण?”

मला उत्तर आलं नाही. तिने मोडलेल्या भाकरीचा तुकडा टाकला, पाणी पांढरं झालं, आणि सकाळी आणखी आठ पिल्लं गेली. नऊ राहिली. पण प्रश्न तिचाच बरोबर होता. गेली काही वर्षं मी जमेल तसं वाचतो आहे, ते हा प्रश्न कोणी कधी विचारला आणि कधी विचारायचा थांबला, हे शोधायला.

विचारणाऱ्यांतला एक तर आमच्याच भागातला निघाला. उमरग्याच्या पुढे कर्नाटकात शिरलं की बसवकल्याण लागतं. ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. आमचा मुलूखही तेव्हा तिच्याच राज्यात. तिथला राजा सोमेश्वर तिसरा ११२७ मध्ये गादीवर आला आणि ११३०च्या सुमारास त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. शंभर अध्याय; राज्यकारभार, हत्ती, दागिने, स्वयंपाक, संगीत, काय वाटेल ते. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा अध्याय आहे. नदीतले आणि समुद्रातले पस्तीसच्या आसपास मासे, त्यांची वर्णनं, आणि कोणत्या माशाला काय खायला घालायचं: कोणाला पिठाचे गोळे, कोणाला मांस. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर लेख लिहून तो आजच्या अभ्यासकांपुढे आणला. योगायोग म्हणजे त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं.

राजाचा हेतू दयेचा नव्हता. खाऊ घालून मासे जमवायचे आणि मग गळ टाकायचा, हा त्याचा विनोद. पण गळाला लावायलासुद्धा मासा काय खातो ते आधी बघावं लागतं. राजाने, किंवा खरं तर त्याच्यासाठी पाण्यात उभं राहणाऱ्या कोणा भोयांनी-कोळ्यांनी, ते नीट बघितलेलं होतं.

मग तो प्रश्न सुटला कुठे? माझ्या मते लंडनमध्ये. १८४९ मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, पाणी बदलायची गरज नाही, अशी कल्पना. पण पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, थर खाल्ला, पाणी निवळलं. वर त्यांनी जी अंडी घातली ती माशांच्या पोटात गेली. १८५० मध्ये वॉरिंग्टनने हे केमिकल सोसायटीसमोर मांडलं, आणि घरच्या मत्स्यालयाचा इतिहास बहुतेक जण इथूनच सुरू करतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द ॲक्वेरियम’ या पुस्तकाने इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या नेल्या. त्याच १८५४ मध्ये रुडॉल्फ क्नेर या ऑस्ट्रियन अभ्यासकाने ब्रिसलनोजच्या कुळाला ‘ॲन्सिस्ट्रस’ हे नाव दिलं. दोघांची गाठ पडायला अजून अवकाश होता, पण जागा तयार झाली होती: टाकीत एक जण असा हवा, जो दुसऱ्यांचं उरलंसुरलं खाऊन राहील, ज्याचा खर्च नाही आणि ज्याची पोरं दुसऱ्यांच्या पोटात गेली तरी चालतील.

वॉरिंग्टनला मी दोष देत नाही. त्याने बारकाईने पाहिलं आणि लिहून ठेवलं. पण पुढे गोगलगायीच्या जागी सकर आला आणि निरीक्षण मागे पडून हुद्दा तेवढा उरला. एकदा सफाईवाला म्हटलं की त्याच्या ताटात काय आहे हे कोणी बघत नाही. हे वाक्य टाकीपुरतंच आहे असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

मुळात ब्रिसलनोज घाण खातच नाही. दुसऱ्या माशांच्या विष्ठेवर तो जगत नाही. नदीत दगडांवर, बुडालेल्या ओंडक्यांवर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा जो निसरडा थर असतो, तो हा बारीक दातांनी खरवडतो. पोटात आतडं लांबलचक, वेटोळं घातलेलं. कमी कसाचं अन्न सारखं खात राहायचं, अशी रचना. पिल्लांना तर तासन्‌तास तोंडापुढे काही ना काही लागतं. त्यांचं पोट आत गेलेलं दिसलं की वेळ थोडा उरलेला असतो. टाकीत लाकूड ठेवा असं सांगतात ते ठीकच, कारण त्यावर तो थर धरतो. नुसतं लाकूड खाऊन मात्र भागत नाही. डोनोव्हन जर्मन यांनी २००९ मध्ये याच्या लाकूडखाऊ भाऊबंदांची आतडी तपासली, तर लाकूड जवळजवळ न पचताच बाहेर पडत होतं.

उरलेली नऊ वाचली ती दुधीवर. आजीने भाजी चिरताना एक चकती बाजूला ठेवली, साल काढली (आमच्याकडच्या भाजीवर काय काय फवारलेलं असतं ते शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही), भाताच्या डब्याशेजारी कुकरमध्ये ठेवून मऊ केली आणि गार झाल्यावर मी ती स्टीलच्या चमच्यात खोचून तळाशी सोडली. चमचा नसेल तर चकती तरंगते. दिवे घालवल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च मारला: चकतीवर नऊ काळे ठिपके, शेपट्या बाहेरच्या बाजूला, पंगत बसल्यासारखे. नंतर काकडी, दोडका, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक हेही चाललं. आठवड्यातून एकदा साल काढून चेचलेला मटार. पुढे पैसे साठवून तळाला बसणाऱ्या शेवाळाच्या वड्या आणल्या. त्या हव्यातच, नुसत्या भाजीवर वाढ मंद होते. पण पहिले पंधरा दिवस दुधीच.

अडचण वेगळीच उभी राहिली. खाणं घातलं की पाणी बिघडतं, आणि बिघडलेलं पाणी बदलावं लागतं. तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल, निदान बातम्यांतून. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते शेजारच्या लातूरला. आमच्या शहराचं पाणी उजनीहून नळाने यायचं, आणि उजनी वजा पातळीत गेलं होतं. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. घरात पिंप, हंडे, कळश्या, बादल्या भरून ठेवलेल्या, आणि मी त्यातून माशांसाठी तांब्या काढतोय. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, “मान्सायला प्यायला न्हाई, अन् तू मासे पाळायलास व्हय रं?”

चुकीचं काहीच बोलत नव्हत्या. आईने गोल्डफिश माझ्या मित्राकडे दिले, त्यांच्या शेतातल्या बोअरला अजून पाणी होतं. नऊ पिल्लं आणि जोडी राहिली. मी चकती तीन-चार तासांतच काढायला लागलो, रात्री अलार्म लावून, म्हणजे ती कुजायची नाही. तळाची घाण नळीने ओढून रोज दोन तांबेच पाणी काढायचं, ते आजीच्या तुळशीला आणि कढीपत्त्याला जायचं. तेवढंच नवं पाणी, रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. दुपारी पाणी तापायचं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून टाकीवर ओलं पोतं. तरी मे महिन्यात दोन गेली. सात जूनपर्यंत टिकली. त्या वर्षी कढीपत्ता मात्र कधी नव्हे इतका फोफावला.

पिल्लं वाढल्यावर ती ठेवायची कुठे हा प्रश्न आला. एक जण म्हणाला, “तलावात सोड की, जगतंय ते.” जगतं, हीच तर भीती. उजनीत आज जो सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, तो ब्रिसलनोज नव्हे, त्याचा हातभर वाढणारा चुलतभाऊ. दुकानात बोटाएवढा असताना त्यालाही हेच सांगून विकतात, काही घालू नका म्हणून. वर्षभरात तो टाकीत मावेनासा होतो आणि कोणीतरी त्याला नदीत सोडून येतं. अंगच्या काट्यांनी तो जाळी फाडतो, त्याला गिऱ्हाईक नाही, आणि कोळी लोक तो काठावर फेकून देतात. त्याच धरणाचं पाणी माझ्या टाकीत. मी सातही पिल्लं ओळखीच्या घरांतच दिली, आणि प्रत्येकाला सोबत दुधीची एक चकती करून दाखवली. दोघांनी ती फ्रीजमध्ये ठेवून विसरून टाकली, असं नंतर कळलं.

आजी २०२१ मध्ये गेली. टाकी अजून घरी आहे. जुना नर नाही, पण त्याच्या पोरांपैकी एक मी परत मागून आणला, आणि गेल्या श्रावणात त्याच्या कौलाखाली अंडी होती. आई दुधी चिरते तेव्हा न सांगता पहिली चकती बाजूला काढते. काच मी आता पुढची तेवढी पुसतो. बाकीच्या तिन्ही हिरव्या आहेत, पाहुण्यांना आवडत नाहीत.