१४ जानेवारी : नामविस्तार दिन

१९९४ मध्ये ऐन संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लाभले. नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजीच संमत केला होता. त्याला विरोध म्हणून मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंसारख्यांचे प्राण गेले. तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते. १९९४ मध्येही तेच. मधली सोळा वर्षे लढा थांबला नाही, हे श्रेय सर्वस्वी सामान्य माणसांचे. आजही या दिवशी बीडसह सगळ्या मराठवाड्यातून हजारो लोक थंडीवाऱ्यात छत्रपती संभाजीनगरला जातात, निळे झेंडे, पांढरे कपडे, कडेवर लेकरे. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर नतमस्तक होतात, पुस्तके घेतात. बीडच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर आज बाबासाहेबांचेच नाव असते.