केदारेश्वराचा उरलेला खांब

हरिश्चंद्रगडावर जाणारी बहुतेक माणसे केदारेश्वराच्या गुहेत पाण्याच्या कडेपर्यंत जातात, हात जोडतात आणि मागे फिरतात. पुढे वाट नाही. पुढे कमरेइतके गारठलेले पाणी आहे आणि त्याच्या मधोमध सुमारे पाच फुटांचे शिवलिंग. त्याच्या मागची बाजू पाहायची, तर पाण्यात उतरावेच लागते. पन्नाशी उलटल्यावर मी ते धाडस केले, त्याची ही हकिगत.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात हा सुमारे १,४२४ मीटर उंचीचा गड उभा आहे. चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथेच रचला, असे परंपरा सांगते. कविता लिहिणाऱ्या माणसाला एवढे निमित्त पुरेसे होते. पाचनईच्या बाजूने मी चढलो. सोबत गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. पावसाळ्यात गुहेसमोरून ओढा धो धो वाहतो, तेव्हा आत जाता येत नाही. म्हणून आम्ही डिसेंबर निवडला होता.

थंडीतल्या पहाटे मशिदीच्या हौदावर वजू करायची मला लहानपणापासून सवय. थंड पाण्याची भीती मला कोणी सांगू नये, असे वाटत होते. पण कातळातून झिरपलेल्या या पाण्यात पाऊल टाकले आणि श्वासच अडकला. दहा पावलांत पायांची जाणीव गेली. तळ शेवाळलेला. वाटाड्या पुढे, मी मागे, असे आम्ही लिंगाला वळसा घालू लागलो. मागे उजेड कमी होता. तिथे माझा पाय सरकला. जवळच खांब दिसला म्हणून मी हात पुढे केला.

"बाबा, त्याला नका धरू," तो पटकन म्हणाला, "माझा हात धरा."

त्याचा हात धरून सावरलो, तेव्हा त्याने कारण सांगितले. लिंगाभोवती पूर्वी चार खांब होते, चार युगांचे. सत्य, त्रेता आणि द्वापर संपले, तसे तीन तुटले. उरला तो कलियुगाचा. तो पडला की जग बुडणार.

मी वर पाहिले. तीन खांब गेले होते, तरी छत जागेवर होते. हे कसे?

याचे उत्तर लेणे कोरण्याच्या रीतीत आहे. घर बांधताना खांब आधी उभा राहतो, छत नंतर येते. लेण्यात उलटे. सह्याद्रीचा हा कातळ कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. कारागीर साधारणपणे छतापासून सुरुवात करून खाली कोरत येत. तिथे खांब उभारला जात नाही, तो शिल्लक ठेवला जातो. त्यामुळे छत आणि डोंगर एकच असतात. एखादा खांब मोडला, तरी भार भोवतालच्या कातळाकडे वळतो. आपल्याच जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यातले खांबही असेच डोंगरातून सोडवलेले आहेत.

मनात आले, हे त्याला सांगावे. जग या खांबावर नाही, डोंगरावर उभे आहे, असे म्हणावे. पण तेवढ्यात लक्षात आले, की त्याचे आजोबा-पणजोबाही येणाऱ्याला हेच सांगत असतील: याला धरू नका. इतकी वर्षे लोक इथे येतात, ओल्या अंगाने घसरतात, आधार शोधतात. तरी हा एक खांब राहिला. कातळाचे शास्त्र छत का पडले नाही ते सांगते. पण खांब जपायला माणसे लागतात, आणि माणसांना काहीतरी कारण लागते.

बाहेर आलो. त्याने काटक्या पेटवल्या. पाय शेकत मी बराच वेळ बसलो. जे सांगायचे होते, ते सांगितले नाही.

आपण गेलात, तर पाण्यात जरूर उतरा. पण एकटे उतरू नका. आणि पाय घसरला, तर सोबतच्या माणसाचा हात धरा.