सुरतेचा साहेब, मुंबईचे शिपाई

काम मुंबईत, साहेब सुरतेत आणि साहेबाचा साहेब लंडनमध्ये. १६८३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या शिपायांची ही अवस्था होती. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे. सुरतेहून हुकूम घेऊन निघालेलं गलबत अर्नाळा, वसईवरून खाली मुंबईला उतरायचं. आज त्याच दिशेने विरार लोकल खचाखच भरून जाते.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला मुंबई पोर्तुगीजांकडून लग्नात आंदण मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंडांवर कंपनीला देऊन टाकली. राजाचे शिपाई कंपनीचे नोकर झाले. १६७४ मध्येच पगार आणि महागाईवरून त्यांनी एक बंड केलं. कंपनीने एकाला गोळी घातली. तक्रार जिथल्या तिथे राहिली.

पुढे लंडनमध्ये सर जोसाया चाइल्ड आणि सुरतेत जॉन चाइल्ड यांच्या हाती कारभार आला. दोघांचं आडनाव एक आणि धोरणही एकच: खर्च कापा. मुंबईच्या फौजेवरचा खर्च कमी करा, लोकांवरचे कर वाढवा. वेळ कोणती निवडली, तेही बघा. सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात येऊन बसायचं, त्यामुळे संभाजी महाराज इंग्रजांवर संतापलेले. बेट दोन्हीकडून अडचणीत, आणि हिशेबाच्या वहीत कात्री राखणदारांवर.

फौजेचा प्रमुख कॅप्टन रिचर्ड केग्विन. कपातीत त्याचाही पगार आणि मान कमी झाला. म्हणजे रागात स्वार्थ होताच. पण बाकीचे शिपाई त्याच्या मागे गेले, ते त्यांचंही पोट जळत होतं म्हणून. २७ डिसेंबर १६८३ रोजी त्यांनी डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला अटक केली आणि बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतलं.

हे बंड लुटीचं नव्हतं. जहाजावरचा खजिना किल्ल्यात आणून तो बेटाच्या रक्षणासाठीच खर्च होईल, असं केग्विनने जाहीर केलं. संभाजी महाराजांकडे वकील पाठवून तह केला. राजाला पत्र लिहून चाइल्ड मंडळींच्या कारभाराची तक्रार केली. जवळपास ११ महिने त्याने मुंबई चालवली. नोव्हेंबर १६८४ मध्ये सर थॉमस ग्रँथम आला, तेव्हा सगळ्यांना माफी मिळण्याच्या अटीवर त्याने किल्ला सोडला.

बंड संपलं. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध होती, त्याचं काय झालं? जॉन चाइल्डला सरदारकीचा किताब मिळाला. १६८७ मध्ये कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला आलं, आणि साहेबही. मग त्याने मोगलांची जहाजं पकडून औरंगजेबाशी भांडण काढलं. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान मुंबईत उतरला. माझगाव गेलं, कंपनी किल्ल्यात कोंडली गेली.

शेवटी वकील बादशहाच्या दरबारी क्षमा मागायला गेले. दीड लाख रुपये दंड भरावा लागला. शिवाय एक अट होती: जॉन चाइल्डला हाकला. ती वेळ आलीच नाही, कारण फेब्रुवारी १६९० मध्ये तो मुंबईतच वारला. त्याच वर्षी केग्विन वेस्ट इंडीजमध्ये राजाच्या नौदलाकडून लढताना मारला गेला.

ज्या माणसाबद्दल शिपायांनी सहा वर्षांपूर्वी लिहून कळवलं होतं, त्याला हटवा हे कंपनीला अखेर दिल्लीच्या बादशहाकडून ऐकावं लागलं. शिपायांचं ऐकलं असतं, तर दीड लाख वाचले असते.