शस्त्र की अवजार? : भारतीय शस्त्र कायद्यातील चाकूचे स्थान (१८७८ ते २०२५)

विषयप्रवेश

घडीचा चाकू ही भारतीय माणसाच्या नित्य व्यवहारातील अगदी साधी वस्तू आहे. माळी कलमे बांधताना, वायरमन तारेवरचे आवरण सोलताना, हमाल पोत्याची सुतळी कापताना आणि प्रवासी फळ चिरताना तिचा उपयोग करतो. हीच वस्तू पोलिसांच्या पंचनाम्यात आली की तिला ‘घातक शस्त्र’ असे नाव मिळते. वस्तू बदललेली नसते. तिच्याकडे पाहणारी दृष्टी बदललेली असते. ही दृष्टी कोणत्या कायद्याने घडवली आणि खिशात चाकू बाळगण्याचे सामान्य नागरिकाचे स्वातंत्र्य कोणत्या आधारावर उभे आहे, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भारतात हे स्वातंत्र्य मूलभूत हक्कांच्या प्रकरणात नोंदलेले नाही. ते शस्त्राच्या व्याख्येत आणि कायद्याने जाणीवपूर्वक मोकळ्या ठेवलेल्या जागेत आहे. म्हणूनच त्याचे रक्षण व्याख्येच्या काटेकोर वाचनानेच होऊ शकते, असे या इतिहासावरून दिसते.

वसाहतकालीन हत्यारबंदी

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेने प्रजेला निःशस्त्र करण्याचे धोरण स्वीकारले. १८६० चा एकतिसावा अधिनियम हा त्या धोरणाचा आरंभीचा टप्पा होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने त्याला अखिल भारतीय व कायमचे स्वरूप दिले. या अधिनियमातील शस्त्राची व्याख्या वस्तूंची नावे सांगणारी होती. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण अशी ती यादी होती आणि या वस्तूंचा शस्त्रांत ‘समावेश होतो’ अशी तिची रचना होती. यादी अशा रीतीने उघडी राहिल्यामुळे एखादा चाकू खंजिराच्या जवळचा मानावा की स्वयंपाकघरातील सुरीच्या, हे ठरवणे अंमलदाराच्या मर्जीवर सोपवले गेले.

या कायद्याचा दुसरा दोष वर्णभेदाचा होता. युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना त्याच्या महत्त्वाच्या तरतुदींतून सूट होती. एतद्देशीयांना मात्र परवान्यासाठी अर्ज करावा लागे. सूटीच्या नियमांतील हा उघड भेद पहिल्या महायुद्धानंतरच दूर झाला. आपल्याच देशात आपल्यावर अविश्वास दाखवला जातो, ही सल सुशिक्षित भारतीयांच्या मनात राहिली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात शिथिलता आणण्याची मागणी केली व पुढील काळात ती पुन्हापुन्हा मांडली. अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या महात्मा गांधींनीही संपूर्ण राष्ट्राला शस्त्रहीन करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. शस्त्र वापरण्याचा आग्रह आणि शस्त्रबंदीला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट होते.

लहान पात्याच्या प्रश्नावर सर्वांत संघटित संघर्ष शिखांनी केला. कृपाण हे त्यांच्या धर्माचरणाचे अंग असल्यामुळे सरकारला १९१४ मध्ये पंजाबात त्यास सूट द्यावी लागली आणि १९१७ मध्ये तिची व्याप्ती वाढवावी लागली. तरीही कृपाण म्हणजे नेमके किती लांबीचे पाते, हा वाद शिल्लक राहिला आणि गुरुद्वारा सुधारणा चळवळीच्या काळात अनेकांना कृपाण बाळगल्याबद्दल अटक झाली. सूट मिळाली तरी तिची सीमा ठरवण्याचा अधिकार सत्तेकडे राहिला तर सूट निरुपयोगी ठरू शकते, हा धडा या प्रकरणाने दिला.

राष्ट्रीय चळवळ ते घटना समिती

१९२८ च्या नेहरू अहवालातील हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क समाविष्ट होता. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावातही तो आला. स्वतंत्र भारताच्या घटनेत त्याला स्थान मिळेल, अशी अपेक्षा त्यामुळे स्वाभाविक होती. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा सुरू असताना मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी हा हक्क समाविष्ट करणारी उपसूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. सर्वांना सरसकट असा मूलभूत हक्क दिल्यास सराईत गुन्हेगारही त्यावर दावा सांगतील, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता. उपसूचना फेटाळली गेली.

या निर्णयाची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १९४६ पासून कोलकाता, मुंबई व पंजाबातील दंगलींत सुऱ्यांनी भोसकण्याचे प्रकार देशाने पाहिले होते. त्या छायेत घटना समितीने सावध भूमिका घेणे समजण्यासारखे होते. अंतिम घटनेच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शस्त्रांचा उल्लेख दोन ठिकाणी आला. अनुच्छेद १९ मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे व जवळ बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणात अंतर्भूत मानले आहे. सामान्य नागरिकाच्या खिशातल्या चाकूबद्दल घटना मौन राखते. तो प्रश्न सर्वसाधारण कायद्यावर सोपवला गेला.

१९५९ चा अधिनियम : नावाकडून हेतूकडे

१८७८ चा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही टिकला. त्याच्या जागी आलेल्या १९५९ च्या विधेयकाच्या ‘उद्देश व कारणे यांच्या निवेदना’त जुन्या कायद्याचा हेतू संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा होता, असे स्पष्टपणे म्हटले होते. नव्या कायद्याच्या उद्दिष्टांत चाकू, भाले, धनुष्यबाण व तत्सम वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळणे हे एक उद्दिष्ट नमूद होते. चाकूच्या कायदेशीर इतिहासात या निवेदनाचे महत्त्व फार मोठे आहे.

संमत झालेल्या अधिनियमात मात्र ही भूमिका पूर्णांशाने उतरली नाही. कलम २ मधील व्याख्येत आक्रमणासाठी वा संरक्षणासाठी शस्त्र म्हणून बनवलेल्या किंवा तसे रूप दिलेल्या वस्तू आल्या आणि त्यांत धारदार हत्यारांचाही अंतर्भाव झाला. मात्र केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या गेल्या. लाठी व साधी हातकाठी ही त्यांची उदाहरणे कायद्यानेच दिली. १८७८ चा कायदा वस्तूचे नाव विचारत होता, १९५९ चा कायदा वस्तूच्या घडणीमागील हेतू विचारू लागला. हा बदल मूलभूत होता. विळी, कोयता, अडकित्ता, खुरपे ही धारदार असूनही शस्त्रे ठरत नाहीत, ती याच तत्त्वामुळे.

परवान्याच्या बाबतीतही अधिनियमाने दोन वर्ग केले. कलम ३ नुसार परवान्याची सक्ती बंदुकांसारख्या अग्निशस्त्रांना आहे. इतर शस्त्रे नुसती जवळ बाळगण्यास परवाना लागत नाही. मात्र एखाद्या प्रदेशातील परिस्थिती पाहता केंद्र सरकारला आवश्यक वाटल्यास कलम ४ खाली राजपत्रात अधिसूचना काढून त्या प्रदेशापुरती व ठरावीक प्रकारच्या शस्त्रांपुरती अशी सक्ती करता येते. निर्मिती व विक्रीचे नियमन कलम ५ खाली येते. १९६२ च्या नियमांनी त्यासाठी माप ठरवले. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे अनुसूचीत आली. घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक कामांसाठी बनवलेली पाती त्यातून वगळली गेली. या योजनेचा सरळ अर्थ असा की, स्वातंत्र्य हा नियम आणि बंधन हा अपवाद. अपवादाला प्रदेश, प्रकार आणि राजपत्र यांच्या मर्यादा आहेत.

अधिसूचना, मनाई आदेश आणि बदललेली प्रतिमा

व्यवहारात या अपवादाचा विस्तार होत गेला. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांनी घडवलेला घडीचा चाकू हिंदी चित्रपटांमुळे देशभर पोहोचला, पण गुंडाच्या हातातील हत्यार म्हणून. ‘रामपुरी’ हे कारागिरीचे नाव उरले नाही, ते दहशतीचे विशेषण झाले. कारागिराच्या कौशल्याची नोंद राहिली नाही आणि घडीचा प्रत्येक चाकू संशयास्पद ठरू लागला.

दिल्लीत १९८० मध्ये प्रशासनाने काढलेली अधिसूचना या संदर्भात उद्बोधक आहे. कळ दाबून किंवा अन्य यांत्रिक रचनेने उघडणारे, ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद पात्याचे चाकू तिच्या कक्षेत आले. १९६२ च्या नियमांतील नऊ इंचांची मर्यादा येथे तीन इंचांवर आली. अधिसूचनेच्या शब्दांत निर्मिती, विक्री आणि विक्रीसाठी वा चाचणीसाठी बाळगणे यांचा उल्लेख होता. तरीही नुसता चाकू खिशात सापडला म्हणून तिच्या आधारे वर्षानुवर्षे गुन्हे दाखल होत राहिले. अशाच एका प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई रद्द केली. चाकू विक्रीसाठी वा चाचणीसाठी बाळगल्याचा आरोपच आरोपपत्रात नसेल तर अधिसूचनेचा भंग झाला असे म्हणता येत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. अधिसूचना निघाल्यापासून या निर्णयापर्यंत पंचेचाळीस वर्षे लोटली. न्यायालयाने कोणताही नवा हक्क निर्माण केला नाही. लिहिलेले शब्द लिहिल्याप्रमाणे वाचले.

महाराष्ट्रात हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने येतो. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) कलम ३७ खाली सार्वजनिक शांततेसाठी पोलीस आयुक्त व जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. तलवारी, भाले, बंदुका यांच्या जोडीने सुऱ्या, काठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास त्याद्वारे मनाई करता येते. येथे वस्तूच्या घडणीमागील हेतू गौण ठरतो. सण, निवडणुका व आंदोलने यांच्या काळात असे आदेश वारंवार निघतात. तात्पुरत्या परिस्थितीसाठी दिलेला हा अधिकार नित्याचा झाला, तर १९५९ च्या व्याख्येने दिलेले संरक्षण त्या काळापुरते झाकले जाते. पुण्यात २०२३ च्या आरंभी कोयत्याच्या साह्याने होणाऱ्या गुन्ह्यांच्या पार्श्वभूमीवर कोयते घेणाऱ्यांची ओळखपत्रे पाहून नोंद ठेवण्याच्या सूचना विक्रेत्यांना दिल्या गेल्या. भीती खरी होती. पण कोयता हे ऊसतोड मजुराच्या पोटापाण्याचे साधन आहे, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे.

आक्षेप आणि उत्तर

चाकू सहज मिळतो, लपवता येतो आणि क्षणार्धात जीव घेऊ शकतो. म्हणून बंधने कडक हवीत, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु दुखापत, धमकी, खून व खुनाचा प्रयत्न यांसाठी फौजदारी कायद्यात स्वतंत्र व कठोर तरतुदी आहेत. नुसत्या बाळगण्याला गुन्हा ठरवल्याने प्रामुख्याने कोण सापडतो, हा खरा प्रश्न आहे. रस्त्यावर झडती होते ती पायी चालणाऱ्याची, रात्रपाळीहून परतणाऱ्याची, हातावर पोट असणाऱ्याची. आपल्या व्यवसायाचा पुरावा तो खिशात घेऊन फिरत नाही. जामीन व तारखा यांतच त्याची शिक्षा निकालाआधी भोगून होते.

इंग्लंडशी तुलना येथे उपयुक्त ठरते, कारण भारतीय फौजदारी कायद्याची घडण तेथील परंपरेतून झाली. तेथील १९८८ च्या फौजदारी न्याय अधिनियमाने सार्वजनिक जागी धारदार वस्तू बाळगणे सर्वसाधारणपणे गुन्हा ठरवले. परंतु तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा खिशातला चाकू त्यातून नावानिशी वगळला. उघडल्यावर पाते अडकून राहणारा चाकू या सवलतीत बसत नाही, असे तेथील न्यायालयाने ठरवले. तो कायदा भारतीय कायद्याहून कडक आहे. पण आपण कोठे उभे आहोत हे तेथील नागरिकाला कायदा वाचून कळू शकते. भारतात कायदा मूळतः उदार आहे. पण त्याची सीमा अधिसूचनांत व आदेशांत विखुरलेली असल्याने ती नागरिकाला कळणे दुरापास्त होते.

समारोप

चाकू बाळगण्याच्या स्वातंत्र्याचा भारतीय इतिहास तीन टप्प्यांचा आहे. वसाहतीच्या राज्याने प्रजेवरील अविश्वासातून वस्तूंना शस्त्र म्हटले. राष्ट्रीय चळवळीने तो अविश्वास अपमान मानला, तथापि घटना समितीने विचारपूर्वक शस्त्राला मूलभूत हक्काचा दर्जा नाकारला. १९५९ च्या संसदेने या दोहोंमधला मार्ग काढून अवजार व शस्त्र यांतील भेद हेतूवर उभा केला. हा मार्ग आजही योग्य आहे. त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत : पात्याच्या मापाची व प्रकाराची बंधने एकत्र, सुबोध आणि स्थानिक भाषेत उपलब्ध असणे, आणि आरोप ठेवताना वस्तू कोणत्या हेतूने बाळगली होती हे दाखवण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारणे. घटनेने शस्त्राचा हक्क दिला नाही, हे खरे आहे. मात्र साधे अवजार जवळ ठेवणाऱ्याला गुन्हेगार समजण्याचा अधिकारही तिने शासनाला दिलेला नाही.