पाग आणि जिवंत आमिष : जाळ्याच्या निवडीचा एक इतिहास

मत्स्योद्योगाच्या इतिहासात जाळ्याचा उल्लेख सर्वत्र आढळतो. परंतु ते जाळे कोणत्या प्रकारचे होते, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. अमरकोशाच्या वारिवर्गात जाळ्याला ‘आनाय’ व ‘जाल’ असे दोन शब्द दिलेले आहेत; तागाच्या दोऱ्याचे जाळे ते ‘पवित्रक’, मासे ठेवण्याची टोपली ती ‘कुवेणी’ आणि गळ तो ‘बडिश’, असा तपशीलही त्यात आहे. तथापि ओढावयाचे जाळे कोणते, रोवावयाचे कोणते व हाताने फेकावयाचे कोणते, हा भेद कोशकाराने केलेला नाही. कोशकार पाण्यात उतरत नसल्यामुळे ही उणीव स्वाभाविकच म्हणावी लागेल. ग्रीक भाषेची गोष्ट वेगळी आहे. तीत फेकजाळ्याला ‘आम्फिब्लेस्ट्रॉन’, ओढजाळ्याला ‘सागेने’ आणि सर्वसाधारण जाळ्याला ‘दिक्त्युऑन’ असे निरनिराळे शब्द होते, व मत्तयकृत शुभवर्तमानात हे तिन्ही शब्द आपापल्या जागी आलेले आहेत.

हिरोडोटसने आपल्या दुसऱ्या ग्रंथात (प्रकरण ९५) ईजिप्तमधील दलदलीच्या प्रदेशातील लोकांविषयी एक मौजेची हकीकत नोंदविली आहे. हे लोक दिवसा ज्या फेकजाळ्याने मासे धरीत, तेच रात्री बिछान्याभोवती लावून डासांपासून आपला बचाव करीत. ह्या हकीकतीवर टीकाकारांनी पुष्कळ शंका घेतल्या आहेत, आणि त्या रास्तही आहेत. कारण डासाला अडविणारे जाळे पाण्यात फेकले असता ते दगडाप्रमाणे न बुडता चादरीप्रमाणे तरंगत राहील. परंतु ह्या शंकेतूनच मूळ विषयाकडे वळता येते. जाळ्याची वीण जितकी बारीक, तितकी पाण्याची अडवणूक अधिक. आणि अडवणूक जितकी अधिक, तितके जाळे सावकाश बुडते. फेकजाळ्याच्या निवडीचा सारा इतिहास ह्या एका अडचणीभोवती फिरतो.

कोकणात फेकजाळ्याला ‘पाग’ म्हणतात, तर गोव्यात ‘पागेर’ हा शब्द रूढ आहे. तेथील ‘पागी’ ह्या मच्छीमार समाजाच्या नावाचा संबंधही ह्याच साधनाशी जोडला जातो. पागेचा आकार उघडल्यावर वर्तुळाकार होतो. कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात आणि मध्यभागी बांधलेली दोरी फेकणाऱ्याच्या मनगटाला अडकविलेली असते. जाळ्याचा काही भाग खांद्यावर, काही हातात आणि पुष्कळदा कडेचा एक मणी दातांत धरून, शरीराला हेलकावा देऊन ते फेकावयाचे असते. भारतात ह्याचे दोन मुख्य प्रकार आढळतात. एकात कडेचा भाग आतल्या बाजूस दुमडून त्याचे खिसे केलेले असतात आणि जाळे ओढले की मासा त्यात अडकतो. दुसऱ्यात कडेपासून मध्यापर्यंत दोऱ्या नेलेल्या असतात, त्या ओढताच कड खालून मिटते. जेम्स हॉर्नेल यांनी मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम करीत असता दक्षिणेकडील जाळ्यांची जी पाहणी केली, तिच्यामुळे अशा भेदांना अभ्यासाच्या कक्षेत प्रतिष्ठा मिळाली.

मासा खाण्यासाठी धरावयाचा असेल तर तो जाळ्यात मेला काय नि जगला काय, पागेला त्याची पर्वा नसते. तोच मासा गळाला जिवंत लावून जिताड्यासारखा मोठा शिकारी मासा पकडावयाचा असेल, तर सर्व हिशेब उलटा होतो. आस, म्हणजे वीणीतील भोक, थोडी मोठी असली की बोईटासारखा लहान मासा डोके घालून कल्ल्यांशी अडकतो, आणि सोडविताना त्याचे खवले व कल्ले सोलून निघतात. असा मासा आमिष म्हणून निरुपयोगी होय. आस लहान केली तर वर सांगितलेली अडवणूक आड येते. जाळे तळाशी पोहोचण्यापूर्वीच थवा पसार होतो. त्यावर उपाय शिसे वाढविण्याचा. परंतु त्रिज्या तीन मीटर घेतली तर कडेची लांबी सुमारे १९ मीटर भरते व ती सुमारे २८ चौरस मीटर पाणी झाकते. त्रिज्या दुप्पट केली असता क्षेत्र चौपट होते खरे. पण शिसेही दुप्पट लागते, आणि ते सारे ओझे एका माणसाच्या खांद्याने फेकावयाचे असते. खोलीचाही प्रश्न आहे. पाणी जाळ्याच्या त्रिज्येहून खोल असेल तर तळ गाठण्यापूर्वीच कड आत येऊ लागते व वर्तुळ आकुंचन पावते. म्हणून जिवंत आमिषासाठी निवडलेली पाग ही लहान, बारीक आसाची, जड कडेची आणि उथळ खाडीची असते. ती मोठ्या पागेची लहान प्रत नव्हे, तो वेगळाच विचार आहे.

ह्या विचाराची मर्यादा कोठे येते, हे मालदीव आणि मिनिकॉय येथील कुप्याच्या मासेमारीवरून स्पष्ट होते. इब्न बतूता १३४३–४४ च्या सुमारास मालदीवात होता. सुकविलेल्या माशाचे तुकडे, त्यांना दिलेली धुरी आणि हिंदुस्थान, चीन व येमेनपर्यंतची त्यांची निर्यात यांविषयी त्याने लिहिले आहे; त्याचे लक्ष मालाकडे आहे. फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०२ मध्ये जहाज फुटून तेथे अडकला आणि १६०७ पर्यंत राहिला. त्याची नजर मात्र होडीवर आहे. गळाला आमिष न लावता मच्छीमार होडीभोवती लहान मासे भिरकावीत व मोठे मासे त्यांच्या नादाने वर येत, असे तो सांगतो. हे लहान मासे उथळ पाण्यात धरून काथ्याच्या जाळीदार पिशव्यांत जिवंत ठेवीत आणि त्या पिशव्या समुद्रातच तरंगत सोडीत, हेही त्याने नमूद केले आहे. नंतरच्या काळातील होड्यांत तळाला भोके पाडून समुद्राचे पाणी खेळते ठेवलेला आमिषाचा कप्पा असे. पिरारने त्याचा निर्देश केला नाही, एवढ्यावरून तो त्या काळी नव्हताच असे ठरविणे मात्र धाडसाचे होईल.

येथील आमिष मुख्यतः स्प्रॅटेलॉइडिस वंशाचे, तारलीच्या नात्यातले, बोटाएवढे मासे. त्यांचे खवले स्पर्शाने गळतात. पाग मिटली की तिची पिशवी होते, त्या पिशवीत हे मासे एकमेकांवर घासतात व घटकाभरात मरतात. म्हणून मिनिकॉयच्या मच्छीमारांनी ह्या कामी पाग न वापरता चौकोनी उचलजाळे पत्करले. काठ्यांनी ताणलेले ते जाळे प्रवाळामधील उथळ पाण्यात बुडवितात, वर कुप्याच्या मांसाचा कुटलेला लगदा पसरतात, मासे जमले की ते उचलतात आणि त्यांना शक्यतो पाण्यातून पाण्यातच हलवितात. एस्. जोन्स यांनी १९५८ साली मिनिकॉयच्या ह्या आमिष-मासेमारीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पाग बेटांना अपरिचित होती म्हणून ती नाकारली गेली, असे मानण्याचे कारण नाही. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर ती सर्वत्र परिचित होती. बोईट व कोळंबी दणकट असल्याने खाडीत पाग चालते. सरोवरातला नाजूक मासा तिला चालू देत नाही. साधनाची निवड संस्कृतीने केली की माशाच्या खवल्यांनी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. दोन्ही कारणे खरी असली, तरी खवल्यांना इतिहासग्रंथांत फारच थोडी जागा मिळाली आहे.

आपल्याकडील लिखित परंपरेत ह्या बाबीला स्थान का मिळाले नाही, ह्याचे एक उत्तर ‘मानसोल्लासा’त सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, इ. स. ११३० च्या सुमाराच्या ह्या ग्रंथातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, दोरी आणि गळ ह्यांची बारीक चर्चा आहे. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. परंतु तेथे राजा करमणुकीसाठी गळ टाकतो. आमिष पुरविणारे हात कैवर्ताचे. आणि त्याचे ज्ञान ग्रंथात न उतरता खांद्यावरून खांद्यावर गेले.

पुरातत्त्वही येथे फारशी मदत करीत नाही. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर भाजलेल्या मातीची जाळ्याची वजने मिळाली आहेत. परंतु ताग व सूत कुजून गेल्यावर उरलेले वजन ओढजाळ्याचे की पागेचे, हे एकट्या वजनावरून सांगता येत नाही; लहान, एकसारखी आणि एकाच जागी मोठ्या संख्येने मिळालेली वजने असली, तरच पागेचा तर्क करता येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. कोचीन येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेने मासेमारीच्या साधनांवर संशोधन सुरू केले, आणि पुढील दशकांत सुती जाळे मागे पडत गेले. सूत पाणी पिते, फुगते, कुजते. ते टिकविण्यासाठी झाडांच्या सालींच्या काढ्यात वारंवार बुडवावे लागे. एकपदरी नायलॉनचा धागा बारीक असून पाणी फारसे शोषीत नाही. त्यामुळे तीच आस ठेवूनही जाळे अधिक वेगाने बुडू लागले, आणि बारीक आस व वेग ह्यांतील जुना तंटा बराचसा शमला. नवा तंटा मात्र उभा राहिला : कडक नायलॉनची गाठ माशाच्या अंगाला सुतापेक्षा अधिक खरचटते. जिवंत आमिष धरणारा मच्छीमार म्हणूनच आजही जाळे विकत घेताना ते प्रथम तळहातावर घासून पाहतो, आणि शिशाचे वजन मागाहून विचारतो.