'चन्ना मेरेया'चा अर्थ काय? ब्रेकअपच्या स्टेटसला हमखास लागणारं हे गाणं मुळात ब्रेकअपचं नाहीच!

मंडळी, कुणाचं ब्रेकअप झालं की स्टेटसला 'चन्ना मेरेया' दिसतंच. गाणं सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण त्यात पंजाबी आणि उर्दू शब्द असल्यामुळे अर्थ बऱ्याचदा अंदाजाने लावलेला असतो. 'चन्ना' हे त्या मुलीचं नाव आहे असं समजणारेही कमी नाहीत.

आधी प्रसंग बघूया. करण जोहरचा 'ऐ दिल है मुश्किल' ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. गाणं अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिलं, संगीत प्रीतमचं आणि आवाज अरिजित सिंगचा. याच गाण्यासाठी भट्टाचार्यंना उत्कृष्ट गीतकाराचा फिल्मफेअर मिळाला. सिनेमात अयानचं (रणबीर कपूर) अलिझेवर (अनुष्का शर्मा) प्रेम आहे, तिच्यासाठी मात्र तो फक्त मित्र. लखनौला तिचं लग्न अलीशी (फवाद खान) होतंय आणि त्या लग्नघरात अयान हे गातो. म्हणजे नातं तुटलेलं नाही, कारण ते जुळलंच नव्हतं.

आता शब्द. पंजाबीत 'चन्न' म्हणजे चंद्र. हाक मारताना त्याचं 'चन्ना' होतं आणि 'मेरेया' म्हणजे 'माझ्या'. थोडक्यात, 'माझ्या चंद्रा'. हाक मुलीला असूनही रूप पुल्लिंगी का? कारण चंद्र पुल्लिंगी, आपल्या मराठीतही तसंच. पुढे येणारं 'बेलिया' हे 'बेली'वरून आलंय, म्हणजे मित्र, सोबती. त्याला लागूनच 'पिया' आहे. अयानची सगळी गोची या दोन हाकांत आहे. तिला मैत्री हवीये आणि याला प्रेम.

'महफिल' ठाऊक असेल. 'जिक्र' म्हणजे उल्लेख. 'रुख' म्हणजे चेहरा किंवा दिशा. आपण 'बोलण्याचा रोख' म्हणतो तो याच कुळातला. 'तारों' ऐकून अनेकांना आकाशातले तारे आठवतात, पण शेजारी चिठ्ठी आहे, त्यामुळे ही पोस्टातली तार. गंमत म्हणजे भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्येच बंद झाली होती. तरी हा पठ्ठ्या २०१६ मध्ये तारेतून सलाम मागतोय!

मराठी माणूस हमखास फसतो तो 'माया' या शब्दावर. आपल्याकडे माया म्हणजे आईची, आजीची, ऊबदार. इथे ती बैराग्याच्या जोडीने येते, म्हणून अर्थ मोह, आसक्ती. चंदनाचंही तसंच. चंदन म्हटलं की आपल्याला झिजणं आठवतं. गाण्यातलं चंदन झिजत नाही, ते निघून जातं आणि वास मागे ठेवतं.

हे गाणं एरवीच्या विरहगीतांपेक्षा वेगळं आहे. यात तक्रार नाही. तू फसवलंस, तू बदललीस, असं काही नाही. तिच्या वाटचा अंधार तो स्वतःकडे घेतो आणि स्वतःचा उजळ तारा तिला देऊन टाकतो. म्हणूनच हे 'मोठ्या मनाने सोडून देण्याचं' गाणं मानलं जातं.

पण नीट ऐका. निघतो म्हणणारा हा माणूस किती गोष्टी मागतोय! प्रार्थनेत मला आठव, माझं नाव जिभेवर राहू दे, माझं चांगलं वागणं मनाच्या पेटीत जपून ठेव, पत्रातून सलाम पाठव. ज्याने सगळं सोडलं तो एवढी यादी देईल का? आणि स्वतःचा मोह तो टाकतो कुठे, तर तिच्याच उशीखाली. आता झोपताना तिने काय करायचं? बैराग्याचा सुती चोलाही तो वरून पांघरतो. चोला म्हणजे अंगरखा. कपडे बदलले, माणूस तोच. सिनेमातही पुढे अयानचं प्रेम काही सुटत नाही.

आमच्या मते ही गाण्यातली उणीव नाही, हेच त्याचं बळ आहे. मराठीत घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. हे गाणं तोंडाने 'निघतो' म्हणतं आणि मनात 'येतो'च असतं.

म्हणून एक्सला हे गाणं पाठवायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या. तुमच्या मते तुम्ही 'सुखी राहा' म्हणताय, पण समोरच्याला 'मला विसरू नकोस' असं ऐकू जाऊ शकतं. शब्दांत दोन्ही आहे. आणि जिच्याशी किंवा ज्याच्याशी नातं कधी जुळलंच नाही, त्या माणसासाठी ऐकत असाल तर हे गाणं अगदी त्याच प्रसंगासाठी लिहिलेलं आहे.